दुसरं कॅबिनेट

"हेही लाव," असं म्हणत भाऊजींनी स्पीकरचं दुसरं कॅबिनेट स्टेजवर आणून दाणकन आदळलं.

टेस्टर गुडघ्यांवर बसून ॲम्प्लिफायरची मागची बाजू पुसत होता. त्याने वर पाहिलं. ते कॅबिनेट त्याच्याच दुकानातलं होतं. म्हणजे तो सामान घेऊन पुढे निघाल्यावर भाऊजी दुकानात गेले होते आणि कुणाला न विचारता ते उचलून घेऊन आले होते. बहिणीचा नवरा म्हटल्यावर विचारायचं तरी कुणी कुणाला!

"भाऊजी, नाही चालणार."

"का नाही चालणार? मागे दुसरं भोक आहे ना वायर घालायला? की ते शोभेला दिलंय?"

"भोक आहे. पण हे कॅबिनेट चार ओहमचं आहे आणि तेही चारचं."

"मग आठ झाले. उत्तम!"

"आठ नाही, दोन होतात."

"चार नि चार दोन? कुठल्या शाळेत जात होतास रे, मेहुणेबुवा?"

गिटारवाला खो खो हसला. टेस्टरला हसू आलं नाही. शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर अडकवलेला असायचा म्हणून बँडमधल्या लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं, आणि पंचवीस वर्षं तो या लोकांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करत हेच एक गणित शिकवत आला होता. शिकत कोणी नव्हतं.

"एक दार आहे, त्यातून माणसं बाहेर पडतायत," तो म्हणाला. "शेजारी आणखी एक दार उघडलं तर अडवणूक वाढेल की कमी होईल?"

"कमी होईल."

"तसंच हे. ओहम म्हणजे अडवणूक. दोन कॅबिनेटं शेजारी शेजारी लावली की अडवणूक निम्मी. मग करंट सुटतो मोकाट, आणि ॲम्प तापून बसतो. इथे लिहिलंय बघा, चारच्या खाली नको. माझ्या मनाचं नाही सांगत."

"सहा गाण्यांत काय तापतोय? मला आज आवाज कमी पडून चालणार नाही. तुला माहितीये."

माहीत होतं, म्हणून तर टेस्टरचा जीव टांगणीला लागला होता. तीन वाजता हॉटेलची मॅनेजरबाई ऐकायला येणार होती. तिला बँड आवडला तर वर्षभर दर रविवारी दुपारी या हॉलमधल्या नाचाला हेच लोक वाजवणार होते. आणि सकाळी सामान चढवताना बँडच्या मास्टरने त्याला जिन्यात गाठलं होतं. "आज तुझ्या भाऊजींचा बास डगमगला ना, तर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल. एकोणतीस वर्षं झालीत त्याला माझ्याबरोबर, म्हणून तुला आधी सांगतोय. त्याला मी सांगू शकत नाही." असं म्हणून मास्टर मोकळा झाला होता. ओझं टेस्टरच्या डोक्यावर!

खरी गोष्ट मास्टरलाही ठाऊक नव्हती. गेल्या दोन महिन्यांत भाऊजींनी हा ॲम्प्लिफायर तीनदा दुकानात आणला होता. "दम गेलाय याचा. खालचे सूर येतच नाहीत." टेस्टरने तीनदा उघडला, तपासला. ॲम्प ठणठणीत होता. तिसऱ्या वेळी त्याने एक लबाडी केली. कॅबिनेटची वायर काढून ठेवली आणि म्हणाला, वाजवा. भाऊजींनी सर्वांत जाड तार छेडली, मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हां, आता थोडा बरा आहे." टेस्टरने पाठ फिरवली आणि उगाचच पेचकस शोधत बसला. वरचे सूर, माणसांचं बोलणं, टेलिफोनची घंटी, सगळं त्यांना ऐकू येत होतं. गेले होते ते खालचे सूर. बास गिटार वाजवणाऱ्याचे नेमके तेच!

ताईला त्याने सांगितलं तर ती म्हणाली, "मला माहितीये. पाण्याचा पंप चालू राहिला तरी त्यांना कळत नाही हल्ली. पण तू बोलू नकोस. ते स्वतःहून बोलेपर्यंत नको. एवढा कार्यक्रम निभावून ने, तुला माझी शपथ." झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकायला टेस्टरचा हात वापरायचा, हे मात्र बरं होतं.

आता अडीच वाजले होते. भाऊजी कॅबिनेटवर हात ठेवून हटून बसले होते. टेस्टरने हत्यारांची पेटी उघडली आणि तळातून एक पत्र्याची डबी काढली. तिच्यातून वायर घातली की दोन्ही कॅबिनेटं एकामागे एक जोडली जायची, दारामागे दार. चार आणि चार खरोखरच आठ व्हायचे. ॲम्पला धोका नाही. फक्त त्याचा जोरही निम्म्यावर यायचा आणि आवाज एका कॅबिनेटएवढाच राहायचा. हे शेवटचं वाक्य टेस्टरने गिळलं.

"ही डबी लावली की दोन्ही चालतील," तो म्हणाला.

"अस्सं! मग मघापासून गणित कशाला शिकवत होतास?" भाऊजींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. इतक्या आनंदाने घातला, की टेस्टरला स्वतःची लाज वाटली.

मॅनेजरबाई तीनला पाच मिनिटं असतानाच आली. पहिल्या ओळीत बसली, मांडीवर वही. तिच्या मागे हॉटेलात उतरलेली वीस-पंचवीस माणसं चहाचे कप घेऊन येऊन बसली. टेस्टर पडद्याच्या आड, ॲम्पपासून हातभर अंतरावर स्टूल टाकून बसला.

पहिली तीन गाणी पार पडली. पार पडली एवढंच. भाऊजी एका जागी खिळल्यासारखे उभे होते, उजवी पोटरी कॅबिनेटला टेकवून आणि डोळे ड्रमरच्या पायावर लावून. गायिकेकडे नाही, लोकांकडे नाही. ड्रमरचा पाय खाली गेला की यांचं बोट तारेवर. कुठेही चूक नव्हती, पण हात भीत भीत चालत होता. मॅनेजरबाईने वहीत काहीतरी लिहिलं. मास्टरने एकदा मागे वळून पाहिलं, आणि ती नजर टेस्टरला अजिबात आवडली नाही.

मध्ये दहा मिनिटांची विश्रांती होती. भाऊजी घाम पुसत टेस्टरपाशी आले. "अरे, दोन दोन लावलीत तरी पायाला लागत नाहीये काही."

पायाला. कानाला नव्हे. आपण काय बोललो ते भाऊजींना कळलं की नाही कोण जाणे, पण टेस्टरला कळलं. बोलायचं असेल तर हीच वेळ होती. त्याने तोंड उघडलंसुद्धा, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ताई. तो कॉरिडॉरमध्ये गेला.

"कसं चाललंय रे?"

"चाललंय."

"काही कळलं नाही ना कुणाला?"

"ताई, मी त्यांना खोटी डबी लावून दिलीय. लहान मुलाला खेळणं देतात तशी. हे बरोबर नाही."

"आजचा दिवस," एवढंच ताई म्हणाली.

तो परत येईपर्यंत चौथं गाणं सुरू झालं होतं. बास घुमत होता. खिडकीच्या काचा बारीक थरथरत होत्या. लोकांनी कप खाली ठेवले होते. तो भिंतीच्या कडेने धावत पडद्यामागे पोचला. डबी गालिच्यावर पडलेली होती आणि दोन्ही कॅबिनेटांच्या वायरी थेट ॲम्पमध्ये खोचलेल्या होत्या. भाऊजींनी बरोबर ओळखलं होतं. एकोणतीस वर्षं स्टेजवर काढलेला माणूस, त्याला का कळणार नव्हतं की डबीत पाणी मुरतंय!

दोन ओहम. टेस्टरने ॲम्पच्या जाळीवर हात ठेवला आणि झटकन काढला. तापलेल्या वार्निशचा वास यायला लागला होता.

आता एक वायर उपटावी तर गाण्याच्या मध्ये आवाज दाणकन पडणार. ठेवावी तर ॲम्प केव्हा बसेल सांगता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्याने कोपऱ्यातला टेबलफॅन ओढून ॲम्पच्या पाठीशी लावला आणि समोर पाहिलं. आणि पाहतच राहिला. भाऊजी हसत होते. पोटरीला हादरे लागत होते, बोटं मोकळी सुटली होती, खांदे डुलत होते. ताईच्या लग्नाआधी टेस्टरने ज्या माणसाला पहिल्यांदा वाजवताना पाहिलं होतं, तोच हा माणूस. मॅनेजरबाईची पेन्सिल वहीवर ताल धरत होती. एक गाणं, फक्त एवढं एक गाणं, टेस्टर ॲम्पला मनातल्या मनात विनवत होता.

पुढच्या गाण्यात गिटारवाला आणि भाऊजी नेहमीप्रमाणे स्टेजच्या कडेपर्यंत पुढे गेले. लोक उठून नाचायला लागले. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला टेस्टरच्या कानाजवळ टक्कन आवाज झाला. ॲम्पवरचा लाल दिवा लागला आणि बास गेला.

संपूर्ण गेला. गाण्याखालची जमीनच कुणीतरी काढून घेतली. गायिकेने चमकून मागे पाहिलं. गिटारवाल्याचा हात अडखळला. ड्रमर जिवाच्या आकांताने पायाने मोठा ड्रम बडवायला लागला. आणि पुढे, उजेडात, सगळ्या लोकांसमोर, भाऊजी वाजवत होते. हसत, डुलत, ड्रमरच्या पायाकडे मधूनच नजर टाकत. बोट न बोट जागेवर पडत होतं. आवाज कशाचाच नव्हता. गिटारवाल्याला कळलं. गायिकेला कळलं. मास्टरच्या चेहऱ्यावरून टेस्टरला दिसलं, की त्यालाही कळलं.

टेस्टरने दोन्ही वायरी उपटल्या, एक परत घातली, ॲम्प बंद केला. गार व्हायला पाच-सात मिनिटं तरी हवी होती. त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. दुसऱ्याच्या अब्रूची लक्तरं उघड्यावर पडतायत आणि आपण पंखा धरून बसलोय, असं त्याला झालं. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने बाहीने पुसलं.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. भाऊजी मागे आले ते थेट टेस्टरकडे बघत. "बघ! तुझी डबी काढून फेकली तेव्हा कुठे—"

बोलता बोलता त्यांचा हात सवयीने ॲम्पवर टेकला. ॲम्प गप्प होता. लाल दिवा नव्हता, हिरवाही नव्हता. पंखा तेवढा फिरत होता.

"केव्हा?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. आत्ताच, शेवटच्या ठोक्याला, असं म्हटलं असतं तर भागलं असतं. ताईची शपथही होती.

"दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला," टेस्टर म्हणाला.

"आणि हा मी तीनदा दुकानात आणला, ते?"

"ॲम्पला काही झालं नव्हतं, भाऊजी. कधीच."

भाऊजी कॅबिनेटवर बसले. घामेजलेले हात मांडीवर पुसले, पुन्हा पुसले. "हिला माहितीये?" त्यांनी विचारलं आणि टेस्टरने मान डोलावल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "तिला असणारच. मला वाटायचं, मी सगळ्यांना फसवतोय."

मग ते उठले. मास्टर येत होता, शब्द जुळवत, अवघडलेला. भाऊजींनी त्याला जुळवू दिले नाहीत.

"मला खालचं ऐकू येत नाही रे. वर्ष झालं. पुढच्या रविवारपासून दुसरा माणूस बघ. आत्ताच्या गाण्यात चूक यंत्राची नव्हती, याचीही नव्हती. याने नको म्हटलं होतं. मीच घुसडलं. बाईंना तसं सांग, म्हणजे बँडवर येणार नाही."

मास्टरने भाऊजींचा दंड धरला आणि धरूनच ठेवला. मग म्हणाला, "एक गाणं राहिलंय. कोणतं घेऊ?"

"माझ्यापासून सुरू होतं ते."

"त्यात पहिल्या आठ ओळी तू एकटा आहेस. ड्रम नाही, काही नाही."

"मला माहितीये ना!"

टेस्टरने ॲम्प चालू केला. हिरवा दिवा लागला. एकच कॅबिनेट, चार ओहम, आवाज बेताचा. दुसरं त्याने उचलून विंगेत नेऊन ठेवलं. भाऊजी या वेळी पोटरी टेकवायला मागे आले नाहीत. स्टेजच्या मधोमध उभे राहिले, पण अर्धे वळून, पडद्याकडे तोंड करून. ड्रमरचा पाय आता त्यांच्या कामाचा नव्हता. त्यांनी टेस्टरकडे पाहिलं आणि जाड तारेवर बोट ठेवलं.

पहिला सूर गेला. दुसरा, तिसरा. हॉलमध्ये कपाची किणकिणसुद्धा नव्हती. भाऊजींनी भुवया उंचावल्या. येतोय?

टेस्टर पडद्याबाहेर आला, सगळ्यांना दिसेल असा, आणि जोरजोराने मान हलवली. येतोय. येतोय, भाऊजी.

भाऊजींनी मान डोलावली आणि पुढची ओळ घेतली.