नंदिनीच्या नवऱ्याचं दही

“हे दही रुपेशनं लावलं. मले त हातबी लावू देत नाई,” डबा उघडत नंदिनी म्हणाली.

देवळीच्या त्या कचेरीत थायरॉईड दोघींना होता. छायाताईंना बारा वर्षांपासून, नंदिनीला आठ महिन्यांपासून. आजार तोच: शरीर आपल्याच ग्रंथीवर उलटतं. सेवाज्येष्ठता छायाताईंची, कौतुक मात्र नंदिनीचं. आतडी बिघडली की हा आजार बळावतो, असं रुपेशने कुठेतरी वाचलं होतं. तेव्हापासून तो बायकोसाठी ज्वारीच्या भाकरी थापायचा. छायाताईंच्या नवऱ्याला, चंद्रभानला, बायकोचा आजार विचारला असता तर तो ‘बीपी’ म्हणाला असता.

“पोट सुधरलं, आता गोळी कायले? महिना झाला बंद करून,” नंदिनीने सांगितलं.

छायाताईंचा घास थांबला. पोटाचा संबंध असेलही, पण गोळी सोडायची नाही, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी लोणचं वाढून घेतलं.

पुढे पंधरा दिवस त्या बघत राहिल्या. नंदिनीचा चेहरा सुजला. पंखा लागला की ती ओढणी गुंडाळून घ्यायची, फायलीवर डुलक्या काढायची. ते बघून छायाताईंना मनातून बरं वाटलं. मग एके दुपारी नंदिनी जिन्यातच मटकन बसली. फोन गेला तसा रुपेश धावत आला आणि पायरीवर बसून तिचे गार तळवे चोळू लागला.

ते बघवेना, म्हणून छायाताई बोलल्या. “भाकर खाऊ घाल, दही खाऊ घाल, पन गोळी काऊन सोडली रे? आत्ताच दवाखान्यात ने. मले माहीत होतं, बापा. मी बोलली नाई.”

“तुमी होत्या म्हनून समजलं, ताई,” रुपेश म्हणाला. शेवटचं वाक्य त्याने ऐकलंच नव्हतं.

आठवड्याने नंदिनी कामावर आली. “गोळी चालू झाली, ताई. पहाटे रुपेशच उठवते, पानी देते. मंग म्हनते, निजजो अजून.”

“चांगलं झालं,” छायाताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओट्यापाशी उभ्यानेच गोळी घेतली.

“चहा झाला का वं?” चंद्रभान आतून ओरडला. “रोज काऊन एवढा उशीर लागते तुले?”

गोळीनंतर अर्धा तास चहा चालत नाही. सोबत प्यायचा म्हणून छायाताई बारा वर्षं दोघांचा चहा उशिराच मांडत होत्या. आज त्यांनी एकच कप चहा केला आणि त्याच्यापुढे ठेवला.

“आज लवकर झाला,” चंद्रभान खूश होऊन म्हणाला आणि बशीत ओतून पिऊ लागला.