पंधरा रुपयांतले ससे

मी एक जुना ताणकाटा आहे. माझ्याकडे काय काय आहे ते आधी नीट मोजून सांगतो. वर टांगायला एक कडी, खाली वजन अडकवायला एक आकडा, पोटात एक स्प्रिंग, समोर एक पितळी पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा एक काटा. पट्टीवर शून्यापासून पाच किलोंपर्यंत दर शंभर ग्रॅमला एक रेघ आहे. शून्याची धरून एक्कावन्न. त्यांतल्या चार आणि पाच किलोंच्या मधल्या नऊ रेघा जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत. बाकी गंज आहे, तो मोजता येत नाही.

मित्रांनो, त्या नऊ रेघा एका अंगठ्याने पुसल्या. जयपूर स्टेशनजवळच्या एका रद्दीवाल्याचा तो अंगठा. रद्दीचा गठ्ठा बहुधा चार-पाच किलोंचा भरायचा आणि गिऱ्हाइकाला आकडा दिसू नये म्हणून तो नेमका तिथेच अंगठा ठेवायचा. तेवढ्यानेही त्याचे समाधान झाले नाही. त्याने पकडीने माझा काटा वाकवला आणि मी प्रत्येक वजन अर्धा किलो कमी दाखवू लागलो. बोलणारा तो, तोंड माझे. पुढे माझ्यावर कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा त्याने नवा काटा आणला आणि मला भंगाराच्या ढिगात फेकले.

तिथून मला द्वारकाने उचलले.

द्वारका तेव्हा तेरा वर्षांची होती. तिचे वडील शेषराव रेल्वेत गार्ड. मूळचे अमळनेरचे, बदलीने जयपूरला आलेले. घरी त्यांना सगळे अण्णा म्हणत. आई इंदुबाई घर सांभाळायच्या. १९८६ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेजारच्या कुटुंबाची बदली झाली आणि जाताना ते आपले दोन ससे द्वारकाच्या ओंजळीत ठेवून गेले. एक पांढरा शुभ्र, एक तपकिरी. तिने त्यांची नावे ठेवली चुना आणि कात. कात ही मादी होती. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात सशापुढे नेहमी गाजर असते, म्हणून द्वारकाने त्यांना बाजारातून गाजरे आणली, हरभरे आणले, ग्लुकोजची बिस्किटेसुद्धा आणली. महिनाअखेरीला इंदुबाईंनी किराण्याचा डबा रिकामा पाहिला आणि त्यांचा आवाज चढला.

"माणसाच्या भाजीला कोथिंबीर नाही, अन् ह्या लाटसाहेबांना गाजरं! अहो, देऊन टाका ती जनावरं कुणाला तरी!"

अण्णांनी थोडा विचार केला. मग द्वारकाला समोर बसवून म्हणाले, "हे बघ, मी मोडता घालत नाही. महिन्याला पंधरा रुपये. त्यात बसले तर ससे राहतील, कायमचे राहतील. पंधराच्या वर गेले तर जातील. कबूल?"

"कबूल," द्वारका म्हणाली. "तुम्हालाही कबूल ना, अण्णा?"

"अगं, म्हणजे काय! मी गार्ड आहे. मी हिरवी झेंडी दाखवली की गाडी सुटते."

त्याच आठवड्यात ती जुनी वर्तमानपत्रे विकायला रद्दीवाल्याकडे आली आणि तिची नजर माझ्यावर पडली. रद्दीवाला हसून म्हणाला, "ले जा गुड़िया, मुफ्त में ले जा. ये तो झूठ बोलता है."

घरी आल्यावर तिने मला न्हाणीघराच्या कडीला टांगले. एका पिशवीत मोजून एक लिटर पाणी भरले आणि ती माझ्या आकड्याला अडकवली. मी अर्धा किलो दाखवला. दोन लिटर भरले. मी दीड दाखवला. तिने पकड आणली, माझा काटा हळूहळू सरळ केला आणि पुन्हा पाणी टांगले. एक लिटर, एक किलो. दोन लिटर, दोन किलो. ती टाळी वाजवून हसली. रद्दीवाल्याकडे माझ्यावर पुष्कळ हात फिरले होते, पण खरे बोललो म्हणून कुणी टाळी वाजवल्याचे मला आठवत नाही.

त्या दिवसापासून मी सशांच्या कामाला लागलो.

गाजर आणि बिस्किटे पहिल्याच दिवशी बंद झाली. सशाला मुख्य हवे असते ते गवत, हे तिला शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितले. आपल्याकडे ज्याला लसूणघास म्हणतात त्याला जयपुरात रिजका म्हणतात. रेल्वे कॉलनीबाहेरच्या मारुतीच्या देवळापाशी मीराबाई नावाची बाई रिजक्याच्या पेंढ्या घेऊन बसायची. लोक तिला पैसे द्यायचे, ती पेंढी सोडून समोरच्या गाईंपुढे टाकायची, लोक गाईला हात लावून कामाला जायचे. पेंढी विकत घेऊन घरी नेणारी द्वारका एकटीच.

"ए छोरी," मीराबाई ओरडायची, "गाय को डालेगी तो पुन्न मिलेगा. खरगोश को खिलाके क्या मिलेगा?"

"खाद मिलेगी, मौसी!"

पुण्याऐवजी खत, हे ऐकून मीराबाईला इतके हसू यायचे की ती एखादी मूठ जास्त घालायची.

द्वारकाची रीत साधी होती. संध्याकाळी घातलेला पाला माझ्यावर तोलायचा आणि सकाळी उरलेला पुन्हा तोलायचा. पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात आले की ससे जितके खातात त्याच्या निम्मे तुडवतात. तुडवलेल्या पाल्याला ते तोंड लावत नाहीत. मग तिने भंगारातली सायकलची जाळी पिंजऱ्याच्या आत उंचावर बांधली. ससे मान वर करून एकेक काडी ओढू लागले आणि खाली पडणे थांबले. अण्णांनी त्या जाळीला सशांची गव्हाण असे नाव दिले. आता संध्याकाळी सहाशे ग्रॅम पाला दोघांना पुरू लागला.

एक शंका मात्र तिला राहिली. हिरवा पाला रात्रभरात सुकतो, म्हणजे न खाताही हलका होतो. मग सकाळी जे कमी भरते ते सगळे सशांनी खाल्ले असे कसे म्हणावे? तिने एका संध्याकाळी सहाशे ग्रॅमची वेगळी पेंढी केली आणि सशांना मुळीच पोचणार नाही अशी खुंटीवर टांगली. सकाळी ती मी तोलली. पाचशे चाळीस ग्रॅम. पुढच्या दोन रात्री तिने तेच केले, आकडा तोच आला. म्हणजे ज्या पाल्याला कुणी तोंड लावलेले नाही, तो सहाशेचा पाचशे चाळीस होतो. ती हे इंदुबाईंना सांगायला स्वयंपाकघरात धावली.

"बरं झालं बाई," इंदुबाई पोळी लाटत म्हणाल्या, "मला वाटलं साठ ग्रॅम मीच खाल्ला."

पिंजऱ्यात मधोमध एक फळी होती. एका बाजूला चुना, दुसऱ्या बाजूला कात. दोघे एकत्र राहिले तर पिल्ले होणार, आणि दोनाचे आठ झाले तर पंधरा रुपये कुठे पुरणार? द्वारकाला त्या फळीचे वाईट वाटायचे. ती दुपारी एकेकाला बाहेर काढून मांडीवर घ्यायची आणि फळीपलीकडच्याची खुशाली सांगायची.

मग १९८७ साल आले आणि पाऊस आलाच नाही. राजस्थानात दुष्काळ पडला. मीराबाईची पेंढी मनगटाएवढी होती ती अंगठ्याएवढी झाली, भाव मात्र वाढत गेला. गाईंनाच चारा नाही तिथे सशांना कोण विचारणार? द्वारकाचे तोंड उतरले. पण ती हरली नाही. भाजीबाजार उठायच्या वेळी जाऊन तिने मुळ्याचा आणि फ्लॉवरचा पाला वेचून आणला. एका साहेबांच्या बंगल्यात विहिरीच्या पाण्यावर हिरवळ राखलेली होती. तिथला माळी सुखदेव गुलाबांना घालायला खत शोधत होता. द्वारकाने त्याला सशांच्या लेंड्या नेऊन दाखवल्या. तो म्हणाला, "बेटा, ये तो सोना है." तेव्हापासून लेंड्यांच्या बदल्यात कापलेली दूब, म्हणजे आपली हरळी, मिळू लागली. जास्तीची दूब ती गच्चीत वाळवून ठेवायची. दुष्काळाच्या ऐन महिन्यात सशांचा खर्च नऊ रुपयांवर आला.

अण्णांनी तिची पाठ थोपटली. म्हणाले, "आमच्या ऑफिसातल्या बाबूंना जमत नाही हे." मी दाराच्या कडीला लटकून ऐकत होतो. मला वाटले, आता हे ससे आणि मी, आम्ही इथले झालो.

दसऱ्यानंतर घरी पाहुणे आले. आप्पासाहेब नावाचे गृहस्थ, अमळनेरकडचेच. जयपूरजवळ कानोता गावाच्या बाजूला त्यांनी जमीन घेऊन कोंबड्यांची पोल्ट्री टाकली होती. परमुलखात गावाकडचा माणूस म्हणजे भाऊच. इंदुबाईंनी झणझणीत शेवभाजी केली. जेवणे झाली आणि मग मराठी घरात पाहुण्यांसमोर जे होते तेच झाले. कुणाच्या मुलीला पाढे म्हणायला लावतात, कुणाच्या मुलीला गाणे.

"द्वारका, काकांना दाखव बघू आपले ससे," अण्णा म्हणाले. "नऊ रुपयांत कसे बसवलेस ते सगळं सांग."

द्वारकाने सगळे सांगितले. गव्हाण, सुखदेवची दूब, वाळवलेला चारा, मधली फळी, कात ही मादी, तिला एका वेळी पाच-सहा पिल्ले होऊ शकतात. काही म्हणजे काही वगळले नाही. मला हातात घेऊन तिने पाला तोलून दाखवला. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. आप्पासाहेब मन लावून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारले, "आणि मांस किती धरतात गं?"

द्वारका म्हणाली, "ते नाही मोजलं, काका."

"शेषराव," आप्पासाहेब सुपारी कातरत म्हणाले, "पोरगी नाही ही, मुनीम आहे मुनीम! कोंबडीच्या खाद्यानं माझं दिवाळं निघायची वेळ आलीय, आणि हिनं फुकटच्या पाल्यावर जनावर पोसून दाखवलं. ही जोडी मला द्या. ती एक फळी काढली की धंदा सुरू."

अण्णा हसले. मला वाटले, नाही म्हणण्याआधी माणूस हसतो तसे हसले.

"द्या म्हणजे फुकट नाही हं. जिवंत वजनावर देईन, कोंबडीपेक्षा चढा भाव."

"अण्णा," द्वारका म्हणाली, "पंधराच्या आत बसले तर कायमचे राहतील, असं तुम्ही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो, बेटा."

"नऊ रुपयांत बसलेत."

"हो ना. शाबासच आहे तुझी." अण्णा तिच्याकडे न पाहता बोलत होते. "पण तेव्हा ते नुसता खर्च होते गं. आणि आप्पासाहेब आपल्या गावचे. पहिल्यांदा काही मागतायत."

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. इंदुबाई दारात येऊन म्हणाल्या, "अहो, राहू द्या ना. आता कुठे जड आहेत ते?" ससे देऊन टाका म्हणणाऱ्या त्याच. पण पाहुण्यांसमोर त्यांना एकदाच बोलता आले.

चुना आणि कात यांना वेताच्या टोपलीत घातले. फळीच्या दोन बाजूंना वर्षभर राहिलेले ते दोघे तिथे पहिल्यांदा एकमेकांना टेकून बसले. टोपली माझ्या आकड्याला अडकवली गेली.

"काटा बरोबर आहे ना?" आप्पासाहेबांनी विचारले.

"बरोबर म्हणजे? पोरीनं स्वतः तपासलाय, पाण्यानं," अण्णा अभिमानाने म्हणाले.

काटा चार किलोंच्या पुढे गेला, पुसलेल्या रेघांमध्ये. तिथले मोठ्यांपैकी कुणालाच वाचता येईना. त्या रेघा फक्त द्वारकाला पाठ होत्या.

"वाच गं, किती आहे?"

मित्रांनो, त्या क्षणी मला रद्दीवाल्याची पकड आठवली. काटा वाकवणारे कुणी असते तर बरे, असे आयुष्यात पहिल्यांदा वाटले. द्वारकाने माझ्याकडे पाहिले. तिला काहीही आकडा सांगता आला असता, पण त्याने ससे थोडेच राहणार होते?

"चार किलो आठशे," ती म्हणाली. "टोपलीचे चारशे वजा करा."

आप्पासाहेबांची जीप टोपली घेऊन निघून गेली.

मी आता एका कोठीच्या दारामागे लटकतो. दुसऱ्या दिवशीची सकाळ सोडली तर द्वारकाने त्यानंतर फार दिवस मला हातात घेतले नाही, आणि त्याबद्दल मी तिला दोष देत नाही. मित्रांनो, घरी प्राणी आणायचा असेल तर आधी त्याचा महिन्याचा खर्च जरूर काढा. गाजरा-बिस्किटांपेक्षा गवत स्वस्त आणि चांगले असते, उंचावर बांधलेली गव्हाण पाला वाचवते, सशाच्या लेंड्या माळ्याला हव्या असतात. द्वारकाने शोधलेले हे सगळे खरे आहे आणि ते तुम्हाला उपयोगी पडेल. पण लहान माणसाला अट घातलीत आणि त्याने ती पाळली, तर मग तुम्हीही पाळा. पाळलेला जीव आणि दिलेला शब्द, दोन्ही सोडून देणे फार सोपे असते. वाकलेल्या काट्याला पकडीने सरळ करता येते. अण्णांनी पुढे कितीदा हिरवी झेंडी दाखवली असेल, पण त्यांनी "कबूल?" विचारले की द्वारका उठून आपल्या कामाला लागे.

एक वजन सांगायचे राहिले. पाहुण्यांना तोलून दाखवलेला सहाशे ग्रॅम पाला द्वारकाने जीप गेल्यावर नेहमीप्रमाणे गव्हाणीत भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, पिंजऱ्यापाशी गेली, गव्हाणीतला उरलेला पाला काढला आणि माझ्या आकड्याला अडकवला.

पाचशे चाळीस ग्रॅम.