चार तुकडे गुलाबी पापडीचे

एका डुकराच्या बदल्यात तेलेस्फोरला काय मिळणार होतं हे मला नेमकं ठाऊक होतं, कारण त्याच गोष्टीवर माझाही सहा वर्षं डोळा होता. गावच्या सहकारी दुकानाच्या मॅनेजरची खुर्ची, खुर्चीमागची शेगडीची खोली, आणि साखर नि रॉकेल आधी कुणाला द्यायचं ते ठरवायचा मान. मी काउंटरवर मीठ तोलायची. त्याची बायको रांगेत उभी राहून सांगायची, "वरच्या साहेबांनी शब्द दिलाय. चोरून डुक्कर कापणारा एक जण दाखव, खुर्ची तुझी." ऐकून रांगेतल्या बायका आपापल्या पिशव्या पोटाशी धरायच्या.

साल बावन्न. पाळलेलं जनावर ठरल्या भावात सरकारलाच घालायचं. परवानगीशिवाय सुरी लावली तर वकील नाही, कोर्ट नाही, थेट दोन वर्षं छावणीत दगड फोडायला.

माझ्या शेजारणीकडे, अपोलोनिया झारेंबाकडे, नाताळच्या दहा दिवस आधी सुरी लावली गेली. लावली तिच्या मुलानं, झेनोननं, कोठारात. डुकराचं ओरडणं रस्त्यावर जाऊ नये म्हणून मी अंगणात रिकामे डबे आपटत होते. त्याची मजुरी म्हणून एक अख्खी मांडी माझ्या माळ्यावर टांगलेली होती. आणखी दोन घरांत वाटे गेले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी एकटी बाई म्हणून दरवर्षी अपोलोनियाकडेच जेवायची. पहिली चांदणी दिसली, आम्ही तिघं बसणार, तेवढ्यात दार वाजलं. तेलेस्फोर. टोपी हातात, केस चापून बसवलेले.

"बायको माहेरी गेलीय, वहिनी. आजच्या दिवशी एकट्याला घास उतरेना."

"मग तूही जायचंस की सासरी," झेनोन म्हणाला.

"झेनोन!" अपोलोनियानं त्याला दटावलं. "आज कुणाला दारातून परतवून लावत नाहीत. ये, भाऊ. बस."

बसायला जागा होतीच. त्या संध्याकाळी प्रत्येक घरात एक ताट जास्तीचं मांडतात, वाट चुकून येणाऱ्यासाठी. माझ्या जन्मात त्या ताटावर कुणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ताट मांडून माझीच वाट बघत होता म्हणा ना," तेलेस्फोर हसला.

"ते परक्यासाठी असतं," झेनोन म्हणाला. "तू तर घरोघरचा."

चर्चमधून आलेली पांढरी पापडी सगळ्यांनी एकमेकांच्या हातातली मोडून खाल्ली. ती मोडताना मनात काही ठेवायचं नसतं. तेलेस्फोरनं झेनोनला उदंड आयुष्य चिंतलं आणि मला दुकानात बढती. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही त्याच्या.

जेवण त्या दिवशी बिनमांसाचं, म्हणून टेबलावर सापडण्यासारखं काही नव्हतं. बिटाचं सार झालं, खारवलेला मासा झाला, खसखशीच्या शेवया झाल्या. पाहुणा मधूनच आढ्याकडे बघायचा, नाक वर करायचा. पण अपोलोनियानं चुलीत जुनिपरच्या ओल्या फांद्या घातल्या होत्या, त्या धुरात बाकी कसलाच वास लागत नव्हता. मला वाटलं, सुटलो.

मग तिनं फडताळातून गुलाबी पापडी काढली. ही जनावरांची. जेवण झालं की गोठ्यात नेऊन ज्याची त्याला भरवायची. कित्येक घरांत डुकराला देत नाहीत, पण अपोलोनियाला सासूनं शिकवलं होतं की त्या रात्री गोठ्यात कुणालाच वगळायचं नाही. बोलता बोलता ती तुकडे करून बशीत ठेवत गेली. घोडीचा एक. गायींचे दोन. डुकराचा एक. आणि उरलेली पापडी परत कागदात गुंडाळायला लागली.

"वहिनी," तेलेस्फोर हळूच म्हणाला, "डुकरं दोन ना तुमची? सुगीत सरकारी यादीत मीच लिहून नेली होती."

अपोलोनियानं कागद परत उघडला.

"अगं आई, चुकलीस. मोड पाचवा," झेनोन म्हणाला. आवाज मोकळा ठेवायला त्याला किती जड गेलं ते मला दिसलं.

या बाईनं दुधाच्या इन्स्पेक्टरला, झग्याला दूध लागलेलं असताना, गाय आटलीय म्हणून शपथेवर सांगितलं होतं. तीच आता पापडी धरून उभी राहिली आणि तिची बोटं हलेनात. सरकारी कागदाशी ती हवं तेवढं खोटं बोलली असती. कापून खाल्लेल्या जनावराच्या नावानं ती पापडी मोडणं तिच्याच्यानं होईना.

मला एक वाक्य बोलता आलं असतं. दुसरं डुक्कर माझ्या गोठ्यात आहे, माझ्या बोकडानं यांची भिंत पाडली म्हणून आणून बांधलंय. रातोरात कुठूनतरी एखादं उसनं आणता आलं असतं. पण मग तेलेस्फोर माझ्या गोठ्यात आला असता, आणि गोठ्याच्या वर माळा होता. मी सुक्या फळांचं पन्हं प्यायले. सगळं, तळापर्यंत.

"होतो विसर माणसाला," तेलेस्फोर म्हणाला. उठला, अपोलोनियाच्या हाताचं चुंबन घेतलं, शेवयांची तारीफ केली आणि गेला.

सत्तावीस तारखेला शिपाई आले. भुशाखाली पिंप सापडलं, त्यात पाव डुकरापेक्षा जास्त काही नव्हतं.

"बाकीचं कुठंय?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मी खाल्लं," झेनोन म्हणाला.

"एकट्यानं? अख्खं डुक्कर?"

"भूक लागली होती, साहेब."

त्या उत्तरापायी त्याचे पुढचे दोन दात अंगणातच पडले. मी कुंपणाशी उभी होते. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते मुद्दाम होतं.

झेनोनला दोन वर्षांची शिक्षा लागली. दंडासाठी घोडी विकावी लागली आणि वसंतात अपोलोनियानं गायीला नांगराला जुंपलं. तेलेस्फोरला खुर्ची मिळाली. पहिल्याच दिवशी त्यानं मला शेगडीची राख काढायला सांगितली, मी काढली. मांडी मी ईस्टरआधीचे उपासाचे दिवस लागायच्या आत संपवली. टाकून द्यायचा विचार आला होता, टाकली नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात छावणीच्या दगडखाणीत दरड कोसळली. झेनोन घरी आलाच नाही, शिक्का मारलेला अर्ध्या पानाचा कागद आला. अपोलोनियाला चष्म्याशिवाय वाचता येईना म्हणून तो मीच वाचून दाखवला.

डुक्कर चार घरांनी खाल्लं. किंमत तेवीस वर्षांच्या झेनोननं भरली, आणि उरलेली किंमत अपोलोनिया अजून भरतेय.