खिडकीतला प्रयोग

विज्ञानाच्या बाईंना सगळे भिंगबाई म्हणत. प्रयोगशाळेला कायम कुलूप, म्हणून त्या पर्समध्ये भिंग घेऊन फिरायच्या. वर्गाच्या खिडकीत पेले मांडून प्रयोग करून दाखवायच्या. शिक्षकांच्या खोलीत मात्र बदल्या आणि गुडघेदुखी यांपलीकडे गाडी जात नसे. बाईंनी प्रयोगाचा विषय काढला की भाषेचे सर म्हणत, "बाई, पगार तेवढाच मिळतो हो!"

मग फोनवर त्यांना शिक्षकांचा एक ग्रुप सापडला. कुठकुठल्या शाळांतले लोक, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. पण एखादा धडा फसला तर तिथे मोकळेपणी सांगता येई. गणिताच्या एक ताई तर बाईंच्या प्रत्येक प्रयोगावर दहा शंका काढत. बाई नवऱ्याला म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटतंय, मी एकटी वेडी नाही."

एकदा त्यांनी खिडकीतल्या प्रयोगाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'आमची प्रयोगशाळा फक्त तपासणीच्या दिवशी उघडते.' पुष्कळ जणांनी लिहिलं, 'आमचीही.' बाईंना हसू आलं आणि बरंही वाटलं.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावलं. टेबलावर त्या मजकुराची छापील प्रत होती.

"शाळेची अब्रू वेशीवर टांगलीत."

"पण खरं आहे ना ते?"

"खरं-खोटं संस्था ठरवेल. तिथेच लिहा, की खोटं लिहिलं होतं. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

ही प्रत कुणी पोचवली, हे विचारावं लागलं नाही. बाहेर भाषेच्या सरांनी नजर चुकवली. "माझीही नोकरी आहे, बाई," ते पुटपुटले.

घरी बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझं खरं आहे. पण माझं काम सुटलेलं, आईचं औषधपाणी... लिहून टाक. शब्दच तर आहेत."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत बसून बाईंनी लिहिलं. 'प्रयोगशाळा रोज उघडी असते. मी खोटं लिहिलं होतं.' चार शब्द टाइप करायचे, दोन खोडायचे, असं करत लिहिलं.

ताईंचं उत्तर लगेच आलं. 'खोटं कुठलं बाई, तेव्हाचं की आत्ताचं?'

बाईंनी उत्तर लिहायला घेतलं, पण मोठ्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी खातं बंद करून दाखवायला सांगितलं. बाईंनी ते बंद केलं. ताईंचा नंबर त्यांनी कधी घेतला नव्हता, गावही विचारलं नव्हतं.

त्यानंतर फतवा निघाला: फोन फाटकावरच ठेवायचे. भिंगबाईंमुळे आमच्यावर ही पाळी आली, म्हणून बाकीच्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाषेचे सर तेवढे कधीतरी "चहा घेता का?" विचारत. बाईंना तेही नको वाटे.

त्या आता धडा वाचून दाखवत, प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहीत. मुलं मान खाली घालून उतरवून घेत. सुरुवातीला एकदोघींनी "बाई, असं का होतं?" विचारलं. पुढे तेही थांबलं.

एक दिवस मोठ्या बाई दारात येऊन थांबल्या. "बघा, आता तुमचा वर्ग किती शांत असतो!" त्या मनापासून म्हणाल्या.

बाईंनी मान डोलावली आणि पुढचं उत्तर लिहायला घेतलं.