नव्वदवर आलं की सांगा

"लोड किती?" रस्त्यावरची नजर न काढता जावईबापूंनी विचारलं.

"ब्याऐंशी," मांडीवरच्या फोनमध्ये बघत मामा म्हणाले.

"आणि टेंपरेचर?"

"त्र्याण्णव."

"ते ठीक आहे. लोड जास्त आहे. लोडवर लक्ष ठेवा."

मामांनी मान डोलावली आणि अंगठा शर्टाला पुसला. फोन चिकट होता. जावईबापू एका हाताने गाडी चालवत, दुसऱ्या हाताने वेफर्स खात आणि त्याच बोटांनी मधूनमधून फोन आपल्याकडे वळवून बघत. काचेवर तेलाचे ठसे उमटले होते. मामांनी जन्मभर लीद उपसली, जखमांमधले किडे काढले, एकदा तर अडलेल्या शिंगराला खांद्यापर्यंत हात घालून बाहेर ओढलं. पण कशाची कधी किळस वाटली नाही. या तेलकट फोनची मात्र त्यांना सकाळपासून शिसारी आली होती.

स्टिअरिंगच्या खाली काडेपेटीएवढं एक यंत्र खोचलेलं होतं. इंजिन किती तापलंय, किती जोर लावतंय, ते सगळं म्हणे या यंत्रातून फोनमधल्या ॲपवर येत होतं. फोन अडकवायची दांडी निघतानाच मोडली, म्हणून तो मामांच्या हातात आला. नाहीतर मालकांचे हे जावईबापू मामांच्या हातात काही देणाऱ्यातले नव्हते. पागेत यायचे ते नाकावर रुमाल धरून, आणि चुकून घोड्याला हात लागलाच तर खिशातली बाटली काढून दोन्ही तळवे चोळत बसायचे.

गाडीच्या मागे ट्रेलर होता आणि ट्रेलरमध्ये मास्तरीण.

मास्तरीण ही मालकांच्या रायडिंग स्कूलमधली सगळ्यात म्हातारी घोडी. गावातली निम्मी मुलं तिच्या पाठीवर बसायला शिकली, म्हणून हे नाव. पाठीवरचं पोर एका बाजूला कलंडलं, की ती आपोआप थांबायची आणि ते सरळ बसेपर्यंत पाऊल उचलायची नाही. मामा तिचे मोतद्दार. खरारा, चारापाणी, औषध सगळं त्यांच्याकडे. मुलं त्यांना मामा म्हणायची, मग मुलांचे आईबाप म्हणू लागले, मग मालकही. रोज पहाटे पागेत शिरलं की मामा पहिल्यांदा तिच्या कानामागे तळहात ठेवायचे. ताप आहे का, कसर आहे का, तिथे कळतं. हात टेकला की मास्तरीण डोळे मिटून सगळं डोकं त्या तळहातात टाकायची. "बायकोपेक्षा जास्त लाड त्या घोडीचे," असं मामी चारचौघांत सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

पावसाळ्यात मालकांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि पागेचा कारभार जावईबापूंच्या हाती आला. एकेक घोडं गेलं. मास्तरणीला कोणी घेईना, तेव्हा जावईबापूंच्या ओळखीतल्या कोणाचं तरी डोंगरापलीकडे फार्महाऊस निघालं. तिथे पाहुण्यांच्या मुलांना पाठीवर बसवून फोटो काढायचे, एवढंच काम. मामांनाही तिच्याबरोबर तिथेच राहायचं होतं. निघायच्या आधी ते मालकांच्या खाटेपाशी गेले, तर मालकांनी चालत्या हाताने त्यांचं मनगट पकडलं.

"नीट... पोचव," वाकड्या झालेल्या तोंडातून एवढेच शब्द आले.

"पोचवतो मालक," मामा म्हणाले होते.

"ब्याऐंशी म्हणजे फार झालं," जावईबापूंनी गाडी कडेला घेतली. "अजून चढ लागायचाय. काहीतरी वारा अडवतंय. मामा, मागच्या झडपा उघड्या आहेत का?"

"आहेत की. दोन्ही बाजूच्या आणि मागची वरची फळी."

"तेच! हवा आत भरतेय आणि ट्रेलर मागे ओढतोय. बंद करून टाका."

"उकडेल हो तिला."

"चढापुरतं. वर गेलो की उघडा. आणि मामा, तुम्ही आकडे झकास वाचता हं. आमच्या ऑफिसातल्या पोरांनाही इतकं जमत नाही."

एवढंसं कौतुक, पण मामा चढले हरभऱ्याच्या झाडावर. ते उतरले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही झडपा लावल्या, मागची फळी वर करून खिटी घातली. आतून मास्तरणीने फुरफुर केलं. "आलोच गं," मामा म्हणाले आणि लगबगीने पुढे आले, कारण आकडा काय होतो ते त्यांना बघायचं होतं.

गाडीने वेग घेतला. ब्याऐंशीचे एकोणऐंशी झाले, मग शहात्तर.

"शहात्तर!" मामा जवळजवळ ओरडले.

"बघा! सांगितलं नव्हतं?"

मामांना हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी केलं होतं आणि त्याचा परिणाम लगेच, डोळ्यांसमोर, आकड्यात दिसला होता. घोड्याचं तसं नसतं. घोड्याला औषध द्या, चार दिवस वाट बघा, आणि तरीही तो काय म्हणतोय ते तुमचं तुम्ही ओळखा.

चढ सुरू झाला. रस्ता उघड्याबोडक्या डोंगराच्या अंगाने वर जात होता, झाड म्हणून नव्हतं. दुपारचं ऊन सरळ टपावर पडत होतं. टेंपरेचर चढू लागलं. शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, शंभर. जावईबापूंचं वेफर्स खाणं थांबलं. एकशे तीनला त्यांनी गार हवा बंद केली आणि वर हीटर लावला. इंजिनची उष्णता आत ओढायची असते, असं ॲपवर लिहिलं होतं म्हणे. गाडीची भट्टी झाली. जावईबापूंच्या घामाचा आणि अत्तराचा मिळून असा काही वास सुटला, की मामांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"फोनकडे बघा, फोनकडे! किती?"

"एकशे आठ."

फोन किंचाळू लागला. लाल पट्टी लुकलुकायला लागली. जावईबापूंनी गाडी एका वळणावर कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि बॉनेट उघडलं. आतून गोडसर, जळका वाफारा आला. दोघं परत आत येऊन बसले.

"इंजिन बंद करायचं नाही," जावईबापू म्हणाले. "बंद केलं तर आणखी तापतं. नव्वदवर आलं की सांगा, मग निघू. आणि अंगठा हलवत राहा. स्क्रीन काळी पडली की कनेक्शन तुटतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं."

"मी जरा झडपा उघडून येतो."

"अहो, आत्ताच? आकडा उतरायला लागलाय. बसा ना. घोडी काय पळून जाणार आहे?" जावईबापूंनी मान मागे टेकली. "नवी गाडी आहे मामा. इंजिन गेलं तर कंपनी हात वर करेल. ट्रेलर ओढत होतात म्हणेल, मोकळी होईल."

मागून टाप वाजली. एकदा, मग दोनदा.

मामांना ती टाप ठाऊक होती. पाणी हवं असलं की मास्तरीण पुढचा उजवा पाय असा आपटायची.

"पाणी मागतेय ती."

"देऊ की. वर पोचल्यावर पोटभर देऊ. किती झालं?"

"एकशे पाच."

"वा!"

टाप वाजत राहिली. मामांचा अंगठा काचेवरून खालीवर होत राहिला. उठावं असं त्यांना वाटत होतं आणि ते उठत नव्हते. साहेब माणसाचा शब्द मोडायची सवय नव्हती, हे खरं. पण तेवढंच नव्हतं. एकशे चार झालं, एकशे तीन झालं, आणि आकडा आपल्याच अंगठ्याने खाली येतोय असं त्यांना वाटायला लागलं होतं. त्यात जीव गुंतला होता. शंभरच्या खाली आला तेव्हा त्यांनी नकळत सुस्कारा सोडला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की मागची टाप थांबली आहे.

'शांत झाली एकदाची,' मामांच्या मनात आलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना हे आठवून ओकारी येणार होती.

"सत्त्याण्णव," ते म्हणाले. "शहाण्णव."

तेवढ्यात सगळी गाडी हलली. मागून कोणीतरी भिंतीला अंग टाकावं तसा धक्का बसला आणि ट्रेलर एका बाजूला करकरला.

मामा फोन हातात घेऊनच धावले. पत्र्याला हात लावला तर चटका बसला. खिट्या काढून त्यांनी वरची फळी आणि खालचं उतरतं दार पाडलं, आणि आतून कोंडलेल्या वाफेचा, घामाचा आणि लिदीचा असा लोट तोंडावर आला की त्यांनी श्वासच रोखला. मास्तरीण बाजूच्या भिंतीला टेकून अर्धी खाली गेली होती. अंगावर पांढरा फेस होता. नाकपुड्या तांबड्यालाल, पोट भात्यासारखं उडत होतं. तिचे डोळे उघडे होते पण ते मामांकडे बघत नव्हते.

"मास्तरीण! ए बाई! ऊठ गं!"

त्यांनी दावं सोडलं, खांदा तिच्या छातीखाली घातला आणि जीव एकवटून उचललं. ती थरथरत उठली, मागे मागे सरत दारावरून घसरली आणि रस्त्यावर चार पाय फाकून उभी राहिली. मामांनी गाडीच्या मागून पाण्याचा कॅन ओढला.

"अहो, ते रेडिएटरसाठी आहे!" जावईबापू खाली उतरले होते. "एकच कॅन आहे मामा! तिला एवढं कशाला? थोडं तोंडावर मारा, बास."

मामांनी झाकण काढलं. पाणी तिच्या मानेवर, पायांच्या आतल्या बाजूला, कानांमागे ओतलं. शेवटचं एका तळहातात घेऊन तोंडाशी धरलं, आणि ती प्याली. पुन्हा तळहात भरला, पुन्हा.

"संपवलं! सगळं संपवलं! आता गाडी तापली तर काय करू? तुमच्या घोडीवर बसून जाऊ?"

मामा वळले. जावईबापूंच्या ओठांच्या कोपऱ्यात वेफरचा एक कण चिकटला होता आणि बोलताना तो वरखाली होत होता. मामांना त्या कणाचा, त्या तोंडाचा, त्या अत्तराचा असा तिटकारा आला की हात उगारला जाईल असं वाटलं. आणि मग उगारायला निघालेल्या हातात त्यांना फोन दिसला. एवढ्या धावपळीतसुद्धा त्यांनी तो खाली ठेवला नव्हता. स्क्रीन जिवंत होती. घोडी उचलताना, पाणी ओतताना, त्यांचा अंगठा अधूनमधून काचेवर फिरतच होता.

मामा रस्त्याच्या कडेला गेले आणि थुंकले. पुन्हा थुंकले. तोंडाची चव काही गेली नाही.

"किती झालं?" जावईबापूंनी विचारलं.

मामांनी बघितलं. "नव्वद."

"झालं ना! चला, चढवा तिला. झडपा ठेवा हवं तर उघड्या."

"ती चढणार नाही."

"चढणार नाही म्हणजे? चाबूक नाही का?"

"ती चढणार नाही आणि मी चढवणार नाही," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता; सकाळपासून आकडे सांगत होते त्याच आवाजात ते बोलत होते. "तुम्ही व्हा पुढे. मी हिला चालवत आणतो."

"ह्या उन्हात? तुम्हाला काय वेड लागलंय? लोक वाट बघतायत तिकडे!"

"बघू देत. थांबत थांबत आणीन. रात्र झाली तर झाली." मामांनी फोन शर्टाला पुसला आणि पुढे केला. "घ्या. नव्वदवर आहे."

जावईबापू बराच वेळ बडबडले. मालकांना सांगेन म्हणाले, नोकरीचं काय ते बघतो म्हणाले. मामा मास्तरणीच्या पायांवरून हात फिरवत राहिले, कुठे लागलंय का बघत. शेवटी बॉनेट आदळलं आणि दार आदळलं. रिकामा ट्रेलर खडखडवत गाडी निघाली, आणि थोडं पुढे जाऊन थांबली. खिडकीतून जावईबापूंचं डोकं बाहेर आलं. राग कुठल्या कुठे गेला होता.

"मामा! लोड बघा! एकदम अठ्ठावन्न!"

गाडी वळणाआड गेली. रस्त्यावर तेवढा तो जळका वास राहिला.

मामांनी मास्तरणीला डोंगराच्या कपारीला, हातभर सावली होती तिथे, उभं केलं. तिचं पोट हळूहळू बसलं. फेस वाळून अंगावर पांढऱ्या रेघा उमटल्या. मग तिने मान खाली घालून कडेचं वाळकं गवत हुंगलं, तेव्हा मामांच्या जिवात जीव आला. पोचेल. थांबत थांबत का होईना, पोचेल. मालकांना दिलेला शब्द कसाबसा राहील.

त्यांनी हाताचा चिकटपणा मातीत घासून घासून काढला, पँटला पुसला, आणि रोजच्यासारखा तळहात तिच्या कानामागे ठेवायला हात वर केला.

मास्तरणीने डोकं बाजूला घेतलं.

लाथ नाही, दात नाही, नुसतं डोकं काढून घेतलं. मामांचा हात हवेत राहिला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही. "बरोबर आहे बाई," ते म्हणाले.

ऊन जरा कललं तेव्हा दोघं निघाली. मामा उन्हाच्या बाजूने चालत होते, की आपली सावली तिच्यावर पडावी. पण सावली जेमतेम तिच्या गुडघ्यांपर्यंत पोचत होती. थोडं चालल्यावर मास्तरीण त्या सावलीतून बाहेर सरली, दोरी पुरेल तितकी लांब, आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालू लागली. मामांनी दोरी आणखी थोडी सैल सोडली.