पिंजऱ्याची खालची बाजू

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे. पोपटाचा नव्हे; माझ्यात एखादी मुंगीसुद्धा अंग चोरून बसेल. मी अंगठ्याच्या नखाएवढा, पोलादाचा, आणि वजनाला इतका हलका की एका घड्याळजीने मला तळहातावर घेतले तेव्हा तो मला शोधत टेबलाखाली वाकला होता. खिशात ठेवायच्या एका घड्याळात मी राहतो. आमच्या जातीला टूर्बियाँ म्हणतात.

माझे काम आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. घड्याळाच्या पोटात एक तोलचक्र असते. ते इकडून तिकडे झुलते आणि त्याच्या झुलण्यावर वेळ मोजली जाते. हे चक्र कितीही नीट तोलले तरी त्याची एक बाजू किंचित जड राहतेच. घड्याळ खिशात उभे असले की ती जड बाजू खाली ओढ घेते. मग घड्याळ एका अंगावर पुढे पळते, दुसऱ्या अंगावर मागे रेंगाळते. यावर उपाय म्हणून तोलचक्र आणि त्याचा सगळा संसार माझ्यासारख्या पिंजऱ्यात बसवतात आणि पिंजराच फिरता ठेवतात. मी मिनिटाला एक फेरी घेतो. जड बाजू कधी खाली, कधी वर, कधी डावीकडे. मी चूक नाहीशी करत नाही, ते मला जमत नाही. मी ती सगळ्या बाजूंना सारखी वाटून टाकतो.

मला घडवले ते एका म्हाताऱ्या घड्याळजीने. रस्त्याकडे तोंड करून दुकान, मागे कामाची खोली, खोलीला उत्तरेची एकच मोठी खिडकी. खिडकीखाली छातीपर्यंत उंच टेबल, कारण हे काम वाकून करायचे नसते, कोपर टेबलावर टेकवून डोळ्यांसमोर करायचे असते. तिथे दोन स्टुले होती. एक घड्याळजीचे, दुसरे त्याच्या मुलीचे. मुलगा मोठा, तो पुढे गल्ल्यावर बसे, गिऱ्हाईक बघे. मुलगी त्याला दादा म्हणे. तिला घरात सगळे धाकटी म्हणत, आणि दादाच्या मनाला आले की ‘गंजके’.

या नावामागे कारण होते. काही माणसांचा घाम पोलादाला सोसत नाही. त्यांनी उघड्या बोटाने पोलादाला हात लावला, की थोड्या दिवसांत तिथे तपकिरी ठसा उमटतो. धाकटीचे हात तसे होते. लहानपणी तिने घड्याळजीच्या चिमट्यांशी खेळून त्यांचा पार निकाल लावला होता, तेव्हापासून तो म्हणे, “हिचा हात आंबट आहे.” त्याचा स्वतःचा हात कोरडा ठणठणीत. “माझ्या हाताने पन्नास वर्षांत गंज बघितला नाही,” असे तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा. त्या हाताच्या उजव्या अंगठ्यावर एक तिरपा व्रण होता. तरुणपणी लेथवर काम करताना शेजाऱ्याशी गप्पा मारल्याचे ते बक्षीस.

तरीही त्याने मुलीला काम शिकवले, कारण मुलाला बारीक कामाचा कंटाळा होता आणि हिला त्यात जीव होता. ती दहाही बोटांवर रबराच्या टोप्या चढवून बसे. टोप्यांत घाम साचे, बोटांची कातडी पांढरी पडून सोलली जाई. त्यावर तिची कुरकूर नसे.

माझा जन्म फार सावकाश झाला. पोलादाच्या एका चकतीतून घड्याळजीने करवतीने माझे तीन बाहू कोरले, कानशीने कडा उतरवल्या. मग कथलाच्या ठोकळ्यावर हिऱ्याची भुकटी पसरून मला घासले. इतके, की एका कोनातून बघितले तर मी चांदीसारखा चमकावा आणि जरा कलता केला की शाईसारखा काळा दिसावा. याला काळे पॉलिश म्हणतात. त्यात एक ओरखडा राहिला तरी तो ओरडून सांगतो.

पण या काळात एक गोष्ट घडत होती आणि ती घड्याळजीखेरीज फक्त मला ठाऊक होती. त्याचे डोळे जात होते. तो भिंगे बदलत होता, दिवा जवळ ओढत होता, मुलीला सहज विचारल्यासारखे विचारत होता, “त्या कोपऱ्यात काही राहिलंय का गं? बघ बरं, तुझी परीक्षा.” ती सांगे. तो म्हणे, “बरोबर.” त्याला तिथे काहीही दिसलेले नसे.

शेवटच्या जोडणीच्या दिवशी त्याला ताप होता. औषधे चालू होती आणि कपाळावर सारखा घाम येत होता. सगळे भाग कापडावर मांडलेले. तेवढ्यात धाकटीच्या अंगठ्यावरची टोपी फाटली. “आले हं बाबा, बदलून येते,” म्हणून ती आतल्या खोलीत गेली. घड्याळजीने मला चिमट्याने उचलले, उलटे केले आणि खालच्या बाजूची कड डोळ्यांसमोर धरली. त्याला ती दिसेना. त्याने दिवा हलवला. तरी दिसेना. तेव्हा त्याने जन्मात केले नव्हते ते केले. चिमटा ठेवला आणि उघडा अंगठा माझ्या खालच्या बाजूवर दाबून फिरवला, कुठे पोलादाची टोचरी कूस राहिली आहे का ते चाचपायला. अंगठा गरम होता, ओला होता.

असा हात लागलाच, तर भाग लगेच भेंडात, म्हणजे झाडाच्या मऊ वाळक्या गरात, दाबून स्वच्छ करायचा असतो. भेंडाचा तुकडा समोरच पडला होता. पण दाराशी पावले वाजली. आपण बघत नाही, चाचपतो आहोत, हे मुलीला कळू नये म्हणून त्याने घाईने मला जागेवर बसवून टाकले.

“झालं?” तिने आत येत विचारले.

“झालं,” तो म्हणाला. “कड अगदी स्वच्छ आहे.”

मग माझे दिवस आले. घड्याळ परीक्षेला गेले. तिथे त्याला उभे ठेवले, आडवे ठेवले, उलटे टांगले, गरम कपाटात घातले, बर्फाळ कपाटात घातले. मी फिरत राहिलो. निकाल असा लागला की लोक दुकानात मला बघायला येऊ लागले. मोठमोठी माणसे डोळ्याला भिंग लावून “अहाहा” म्हणत. घड्याळजी म्हणे, “यात धाकटीचाही हात आहे.” हे वाक्य पुढे तिच्यावर उलटणार होते.

एका श्रीमंत संग्राहकाने घड्याळ विकत घेतले. ते त्याच्या हवाली करण्यापूर्वी तेल बघावे म्हणून दादाने मला बाहेर काढले आणि सवयीने उलटे केले.

“बाबा, हा बघा गंज.”

“कुठं?” घड्याळजी पुढे वाकला. भिंग त्याने डोळ्याला लावले, पण भिंगामागचा डोळा कामाचा नव्हता.

“खालच्या अंगाला. बोट उमटलंय सरळसरळ.”

कोणाचे बोट, हे कोणी विचारले नाही. दोघांनीही धाकटीकडे पाहिले.

“मी टोप्या घातल्या होत्या,” ती म्हणाली.

“फाटली नव्हती का एक त्या दिवशी?”

“फाटली होती. लगेच बदलली मी.”

“लगेच म्हणजे कधी? हात लावून झाल्यावर?” दादा हसला. “गंजके, अगं, मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मिशांना लागलेलं दिसतंच की.”

ती बापाकडे वळली. “बाबा, तुम्हीच बसवला होता ना तो? मी तर आत गेले होते.”

घड्याळजीला त्या क्षणी आठवले का? मला सांगता येणार नाही. मला त्याचा अंगठा ठाऊक होता, मन नाही. तो एवढेच म्हणाला, “पोरी, पोलाद चहाडी केल्याशिवाय राहत नाही.”

मी आतल्या आत ओरडलो. पण मला टिकटिकीपलीकडे भाषा नाही, आणि तेव्हा तर तोलचक्रही थांबलेले होते.

तो डाग त्याच दिवशी घासून काढता आला असता. पण घासले की वजन बदलते, मग पुन्हा तोलावे लागते, आणि ते करायला घड्याळजीचे डोळे उरले नव्हते. धाकटीला तर आता हात लावू देणार कोण? “खालची बाजू गिऱ्हाईक कशाला बघतंय?” दादा म्हणाला आणि मला तसेच बसवून दिले.

दुसऱ्या दिवशी धाकटीचे स्टूल पुढच्या गल्ल्यापाशी आणून ठेवलेले होते. पट्टे बदलून द्यायचे आणि सुटे पैसे मोजायचे, एवढेच तिचे काम. तिने काही दिवस ते केले. मग ती एका दूरच्या गावी गेली, मनोऱ्यांवरची मोठाली घड्याळे सांभाळायला. तिथली चाके गाडीच्या चाकाएवढी, त्यांवर ग्रीसचा थर. माणसाच्या घामाने त्यांचे काही बिघडत नाही. थंडी संपायच्या आत घड्याळजी वारला. ती आली, गेली. बापलेकीचे त्या विषयावर पुन्हा बोलणे झाले नाही.

आणि मी? मी मखमलीच्या पेटीत, पेटी लोखंडी तिजोरीत. सुरुवातीला पाहुणे आले की संग्राहक चावी देई, लोक वा वा करत, मी थोडा फिरे. पुढे पाहुणे आटले. मला घडवले होते उभ्या घड्याळासाठी, चालत्या माणसाच्या खिशासाठी. मी उताणा पडून राहिलो. तेलाचा डिंक झाला. आणि खालच्या बाजूचा तो ठसा अंधारात सावकाश माझ्या अंगात उतरत गेला.

पुष्कळ वर्षांनी संग्राहकाचा पुतण्या मला घेऊन त्याच दुकानात आला. त्याला मी विकायचा होतो आणि विकण्यापूर्वी चालता हवा होतो. दुकानात आता बॅटरीची घड्याळे, पट्टे, भिंतीवर सवलतीच्या पाट्या. दादाचे केस पिकलेले. त्याने मला उघडले, थोडा वेळ पाहिले आणि झाकण लावले. मला बाहेर काढणे त्याला जमे, पण माझे भाग सुटे करणे त्याला कधीच येत नव्हते. त्याने बहिणीला फोन केला.

ती आली. हातात डबा, डब्यात रबराच्या टोप्या. मनोऱ्याच्या कामाला त्या लागत नाहीत, तरी तिने त्या कधी सोडल्या नव्हत्या. मागच्या खोलीतल्या खिडकीखाली एकच स्टूल होते. त्यावर बसून तिने मला भागाभागाने सोडवले आणि उलटे केले.

तिचा हात थांबला.

“केवढं खाल्लंय रे मी तुला,” ती हळूच म्हणाली.

मित्रांनो, तोपर्यंत मला वाटत होते, निदान तिला तरी खरे माहीत असेल. पण तिघांपैकी दोघे एकच गोष्ट ठामपणे सांगत राहिले, की तिसऱ्यालाही ती आठवू लागते. फाटक्या टोपीने आपण मला हात लावला, असे तिला आता खरोखर आठवत होते.

गंज किती खोल गेला आहे ते बघायला तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि दिवा आडवा केला. बोटाच्या रेषा दिसू लागल्या, एकीमागून एक, वळणे घेत जाणाऱ्या. आणि त्या रेषांना छेदून जाणारी एक तिरपी कोरी पट्टी. व्रणावर घाम सुटत नाही. जिथे घाम नाही तिथे गंज नाही.

तिने उजव्या अंगठ्याची टोपी काढली. उजेडात अंगठा धरला. सबंध, बिनव्रणाचा. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत बसली, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

“दादा, जरा इकडे ये.”

“आता काय मोडलंस?”

“काही नाही. बघ यातून.”

दादा वाकला. पुढे दुकानात कोणीतरी घंटी वाजवली, तरी तो उठला नाही.

“बाबांचा अंगठा आहे हा,” तो शेवटी म्हणाला.

“हं.”

“मला काय माहीत गं? तुझेच हात तसे, म्हणून वाटलं...” तो सरळ झाला. “आता काय करू मी? पाया पडू तुझ्या?”

“नको. बघितलंस ना नीट?”

“बघितलं.” तो दारापर्यंत गेला आणि मागे न वळता म्हणाला, “पुतण्याला आरशासारखं हवंय. पुसावं लागेल ते.”

“माहिती आहे. ठेवला तर आत आत जाईल.”

तिने नवी टोपी चढवली. कथलाचा ठोकळा घेतला, भुकटी पसरली आणि मला त्यावर गोल गोल फिरवू लागली. बाप फिरवायचा तसेच, त्याच दाबाने. आधी बारीक रेषा गेल्या, मग जाड. मध्येच तिने मला पुसून भिंगाखाली धरले. कोरी पट्टी अजून जराशी दिसत होती. भोवतीचा गंज निघाला तशी तीही दिसेनाशी झाली, कारण ती काही खूण नव्हती, गंज न चढलेली जागा होती. तिच्या बाजूचा एकुलता एक पुरावा तिने स्वतःच्या हाताने घासून काढला, आणि काम इतके चोख केले की एक ओरखडा राहिला नाही.

मला पुन्हा तोलले, तेल दिले, जोडले. चावी दिल्यावर तिने घड्याळ उभे करून कानाशी धरले आणि माझी एक फेरी पूर्ण होईपर्यंत तसेच ठेवले.

“थांबतेस का आता?” दादाने विचारले. “स्टूल आहे तुझं. माडीवर असेल, शोधतो.”

“तिकडचं घड्याळ बंद पडलंय. लोकांचा खोळंबा होतो,” ती म्हणाली आणि डबा घेऊन निघाली.

आता मी दुसऱ्या एका तिजोरीत आहे. मला विकत घेणाऱ्याने कागदावर माझे नाव वाचले, मला चालताना पाहिलेले नाही. स्प्रिंग केव्हाच उलगडून संपली. तेल पुन्हा घट्ट होऊ लागले आहे. उताणा पडलेल्या पिंजऱ्याला आणि बंद पेटीतल्या दगडाला अंधारात फारसा फरक कळत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढे करा. तुमच्या घरात एखादे जुने घड्याळ असेल तर त्याला रोज चावी द्या; ते चालण्यासाठी केलेले असते. आणि कुठे गंजाचा डाग दिसला, तर घरातले आंबट हात कोणाचे ते आठवत बसण्याआधी तो ठसा दिव्याखाली धरा. त्या दिवशी त्या खोलीत भिंग तिघांच्याही हाताशी होते.