मोरीचं कालवण

"दमणची मोरी हाय, नारायणभाऊ. बालंतिणीला दूध उतरतं," असं म्हणत शेजारच्या आक्काबाईंनी माशाच्या कालवणाचं झाकलेलं पातेलं माझ्या हातात दिलं.

"दमणची म्हणजे आपल्याच नदीच्या तोंडाची ना?"

"मग काय, आभालातली आणू?" त्या हसून निघून गेल्या.

मला हसू आलं नाही. पाऊस लागला की मी काम करतो त्या सायली गावातल्या कारखान्यातलं हिरवट पाणी नाल्यात सोडतात. नाला नदीला मिळतो, नदी दमणला समुद्राला. तिथली मोरी बाळंतिणीला चालेल का, असं कारखान्याच्या लॅबमधल्या अरविंदला मी चहाच्या वेळी विचारलं होतं.

"या पाण्यातून लहान माशांच्या अंगात पारा जातो. त्यांना मोठे खातात, मोठ्यांना मोरी, म्हणजे शार्क," तो म्हणाला. "मोरी पुष्कळ वर्षं जगते. तेवढा साठत जातो. शिजवूनही जात नाही. पोरीला देऊ नका, दुधातून बाळाला जाईल. आणि काका, माझं नाव कुठे घेऊ नका."

माझी बायको विजया गेली त्याला वर्ष होत आलं. मूत्रपिंडं निकामी कशानं झाली, ते एकाही डॉक्टरने सांगितलं नाही. तेव्हापासून मला नळाच्या पाण्याचाही संशय येतो.

माझी लेक शीतल बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. दूध पुरत नव्हतं, बाळ रडून रडून लाल झालं होतं.

"बाबा, हा आईच्या मसाल्याचा वास आहे."

"तिनंच आक्काबाईंना बरणी भरून दिली होती."

"मग वाढा ना."

"नको. त्यात पारा असतो म्हणे."

"कोण म्हणतं? आईनं माझ्या वेळी मोरीच खाल्ली होती. काय झालं तिला?"

विचारून ती बाळाचं दुपटं सारखं करू लागली.

कालवण ओतून द्यायला मी मागच्या दारी गेलो. झाकण काढलं आणि हात थांबला. विजयाच्या हातचा बरणीतला मसाला आता संपला असणार. मी पायरीवर बसलो आणि बोटांनी खात राहिलो. तळाचा रस्साही पुसून खाल्ला.

संध्याकाळी आक्काबाई पातेलं न्यायला आल्या. रिकामं देऊ नये म्हणून मी त्यात मूठभर साखर घातली होती.

"खाल्लं का पोरीनं?"

"सगळं संपलं," मी म्हणालो.

आत शीतल बाळाला वाटी-चमच्याने दूध पाजत होती. तिने वर पाहिलं. माझ्या सदऱ्यावर रश्श्याचा डाग पडला होता. तो बघून तिने मान खाली घातली आणि चमचा पुन्हा बाळाच्या ओठांना लावला.